मैदानाभोवतीचे आवाज

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पथकाचे साठ ढोल एका कुकरच्या शिट्टीखाली सापडले, आणि दुपारपर्यंत कुणालाच ते बाहेर काढता आले नाहीत.

इचलकरंजीत नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून ते मैदान होतं. तीन बाजूंना घरं आणि मागांचे कारखाने. सराव तिथंच चालायचा. आवाज आजवर चहूकडून यायचे, ढोलांत मिसळायचे आणि निघून जायचे. त्या दिवशी मात्र तिसऱ्या मजल्यावरून आलेली शिट्टी खाली बसली ती बसलीच. वाजवणारे वाजवत होते. टिपरं ढोलांच्या पानांवर पडत होती, दंड घामानं निथळत होते, पण ऐकू येत होती फक्त शिट्टी. जमिनीला कान लावला तर खोल कुठंतरी ढोल वाजताहेत एवढं कळायचं.

पथकप्रमुख भूपाल मगदूम यानं दहा जण लावले. शिट्टी तसूभर हलली नाही.

इंदुमती रोजे तेव्हा रस्त्याकडेला विजेच्या खांबामागं उभी होती. दर रविवारी ती तिथं यायची आणि सराव संपायच्या आत निघून जायची. पथकात सर्वांत पुढं उभी राहून ताशा वाजवणारी रेवती ही तिची मुलगी. दोघी वर्षभर बोलत नव्हत्या.

इंदुमतीनं एकतीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. घरी यायची तेव्हा तिच्या डोक्यात माग चालूच असायचे. लहानगी रेवती ताटावर, पत्र्याच्या डब्यावर, दाराच्या फळीवर बोटं वाजवत बसायची. "बंद कर," इंदुमती म्हणायची. एकदा तर तिनं पोरीचे दोन्ही हात गोधडीखाली दाबून धरले होते, ती झोपेपर्यंत. रेवती मोठी झाली, पथकात गेली आणि मग एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायलाही गेली. जाताना दारात म्हणाली, "तू मला एकदापण ऐकलं नाहीस." इंदुमतीला उत्तर सुचलं, पण तोवर जिना मोकळा झाला होता.

आता ती खांबामागून पुढं आली, वाकली, शिट्टीच्या कडेखाली बोटं सरकवली आणि तिनं ती उचलली. ओल्या वाळूच्या घमेल्याएवढं वजन होतं. पिशवीत घालून तिनं पिशवीचं तोंड बांधलं. ढोल मोकळे झाले. दोन ठोके पडले, आणि तेवढ्यात एका टेंपोचा हॉर्न येऊन त्यांच्यावर बसला. इंदुमतीनं तोही उचलला.

"मावशी, तुम्हाला जमतंय की हे," भूपाल म्हणाला.

"कारखान्यात आयुष्य गेलं. सवय आहे."

"पुढच्या रविवारी चार वाजता इथंच कार्यक्रम आहे आमचा. गावोगावची माणसं येणार. तोवर आजूबाजूचे सगळे उचलाल?"

इंदुमतीनं रेवतीकडं बघितलं. रेवती ताशाचा पट्टा आवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"उचलते," इंदुमती म्हणाली.

सोमवारी सकाळीच ती निघाली. पिठाच्या गिरणीत बाबालाल मुजावर ज्वारी दळत होता. तिनं काम सांगितलं. त्यानं पट्टा थांबवला, हात झटकले आणि गिरणीची घरघर दोन्ही हातांनी काढून तिच्या पिशवीत ओतली.

"परत कधी देणार?"

"कार्यक्रम झाला की."

"मग हरकत नाही," तो म्हणाला. त्यानं पट्टा पुन्हा चालू केला. पीठ पडत राहिलं, आवाजाशिवाय.

भंगारवाल्यानं आपली आरोळी तिच्या हवाली केली आणि नुसतं तोंड उघडत-मिटत तो गल्लीतून पुढं गेला. शाळेनं घंटा दिली. कुत्र्यांनी थोडं मागंपुढं केलं, पण दिलं. मंगळवारी संध्याकाळी ती मैदानासमोरच्या चाळीत आक्काताई मानेंच्या खोलीवर गेली. आक्काताई ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्या पंख्याची करकर मैदानापर्यंत यायची.

"दुसरं काय बी न्या," आक्काताई म्हणाल्या. "ह्या करकरीशिवाय घरात बोलणारं कोण हाय मला?"

इंदुमती उंबऱ्यातच उभी राहिली. पंखा फिरत होता. आक्काताई त्याच्याकडं बघत होत्या, एखाद्या म्हाताऱ्या नवऱ्याकडं बघावं तशा.

"माझी मुलगी वाजवणार आहे," इंदुमती म्हणाली.

आक्काताईंनी स्टूल पंख्याखाली ओढलं. मग त्या खाटेच्या कडेला सरकल्या. इंदुमती स्टुलावर चढली, करकर सोडवली आणि पदरात घेऊन खाली उतरली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पायऱ्या उतरताना मात्र तिला आपल्या पावलांच्या आवाजाची लाज वाटली.

आवाज ती घरी ठेवत होती. आधी डबे भरले, मग पेटी, मग कॉटखालची जागा. बुधवारी स्वयंपाकघर भरलं आणि तिनं चूल दाराबाहेर आणली. गुरुवारी बाहेरची खोली भरली. भिंती आत येऊ लागल्या होत्या. खिडकीपर्यंत जायला पूर्वी सात पावलं लागायची, आता एक पुरेसं होतं. ती उंबऱ्यावर बसून जेवली आणि तिथंच दाराच्या चौकटीला टेकून झोपली. गल्लीत आता काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारणी खुणा करून बोलत होत्या. तिला कुणी खूण केली नाही.

माग तिनं शेवटी ठेवले होते. मैदानाला लागून चारशे माग होते, दिवसरात्र चालणारे. शुक्रवारी ती आपल्याच जुन्या कारखान्यात गेली. मागांवर देखरेख करणारा जॉबर तोच होता, केस पिकलेला.

"इंदूबाई, खटखट पिशवीत मावायची नाही," तो म्हणाला.

"कांड्या द्या."

ती आपल्या जुन्या जागेवर बसली. पहिल्या मागातून खटखटीचं टोक ओढलं, कांडीवर लावलं आणि भरायला सुरुवात केली. सुतापेक्षा ती जाड होती, पण ताण धरत होती. बोटं आपोआप चालली. शनिवारी संध्याकाळी चारशे माग मुके झाले. धोटे इकडून तिकडं धावत होते आणि चिमणी उडाल्याएवढाही आवाज होत नव्हता. घरी जागा नव्हती, म्हणून इंदुमतीनं भरलेल्या कांड्या लुगड्याच्या आत कमरेभोवती बांधल्या, थोड्या अंबाड्यात खोचल्या. शेवटच्या दोन उरल्या. त्या तिनं दोन्ही गालांत धरल्या.

रविवारी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि साडेतीनला ती मैदानावर गेली. या वेळी खांबामागं थांबली नाही. पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली. माणसं येत होती, बसत होती, वारा होता आणि तोही गप्प होता. साठ ढोल अर्धवर्तुळात उभे राहिले. मधोमध रेवती. तिनं काड्या उचलल्या तेव्हा इंदुमतीनं गालांतल्या कांड्या जिभेनं घट्ट दाबून धरल्या.

भूपालनं हात वर केला आणि तसाच ठेवला.

"काहीतरी ऐकू येतंय," तो म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. बायकांनी बांगड्या काढून मांडीवर ठेवल्या. कुणी घड्याळ बंद केलं. एका म्हाताऱ्यानं श्वास धरला, मग रांगच्या रांग श्वास धरून बसली. तरी ते येतच होतं, बारीक, सतत. एकेक डोकं वळलं. शेवटी सगळी डोकी पुढच्या रांगेकडं वळलेली होती.

रेवती काड्या कमरेला खोचून पुढं आली. ती आईसमोर उकिडवी बसली. तिच्या कपाळावर गुलाल होता. वर्षभरात पहिल्यांदा इंदुमतीला तिचे डोळे इतक्या जवळून दिसले.

"आई, तुझा आवाज येतोय."

"मी काही बोलले नाही गं," इंदुमती गालातल्या कांड्या सांभाळत म्हणाली.

"माहीत आहे."

"सगळे उचलले मी. एकपण ठेवला नाही."

"ते पण माहीत आहे." रेवतीनं तिच्या लुगड्याची खांद्यावरची घडी नीट केली. "थोडी लांब जाशील?"

"किती लांब?"

"मी हात हलवत राहीन. हात थांबला की थांब."

इंदुमती उठली. लोकांनी पाय आखडून वाट करून दिली. ती उलट्या पावलांनी चालू लागली, म्हणजे हात दिसत राहावा. मैदान संपलं. रेवतीचा हात हलत होता. रस्ता संपला, चाळ गेली. खिडकीत आक्काताई फिरणाऱ्या पंख्याखाली बसल्या होत्या. हात हलत होता. तिनं नदीचा पूल ओलांडला. पूल तिच्या आठवणीपेक्षा कितीतरी लांब होता, आणि ती चालेल तसा तो पुढं आणखी निघत होता. पलीकडं ऊस लागला. गाव तळहाताएवढं झालं, तरी त्यात रेवतीचा हात स्पष्ट दिसत होता, मनगटावरच्या लाल दोऱ्यासकट. उसाचं शेत संपून माळ लागला तेव्हा हात थांबला.

इंदुमती थांबली.

तिकडं काड्या ताशावर पडल्या. साठ टिपरं एकदम वर गेली, एकदम खाली आली. लाल धूळ उठली. पुढच्या रांगेतल्या माणसांच्या माना डोलू लागल्या, मग मागच्यांच्या. एक बाई तोंडाला पदर लावून रडत होती. रेवतीची मनगटं इतक्या वेगानं फिरत होती की काड्या दिसतच नव्हत्या. तिचं डोकं मागं गेलेलं होतं आणि ती हसत होती. इंदुमतीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

माळावर काहीच पोचत नव्हतं. तिला ऐकू येत होती ती कमरेभोवतीची खटखट, गालातली खटखट.

फक्त एक पाऊल, तिनं ठरवलं. एका पावलानं काय होणार आहे. तिनं उजवा पाय उचलला आणि पुढं टाकला.

मैदानावर साठ टिपरं हवेतच थांबली. सगळ्या माना वळल्या. रेवतीच्या काड्या ताशाच्या वर बोटभर अंतरावर थबकल्या, आणि तिनं माळाकडं पाहिलं.

इंदुमतीनं पाय मागं घेतला. टिपरं खाली आली. धूळ उठली.

तिनं पाय पुन्हा उचलला, आणि या वेळी तो टेकवला नाही, पुढंही नाही आणि मागंही नाही. ती एका पायावर उभी राहिली, दोन्ही हात बाजूला पसरून, आणि तिकडं साठ टिपरं वर गेली.