आकाशगंगेची बाटली

गर्दी एवढी होती की मी खिशातून रुमाल काढायला गेलो तर हातात शेजाऱ्याचा रुमाल आला. तोवर त्याचं माझ्या रुमालाला नाक पुसून झालं होतं. कुणी कुणावर रागावलं नाही. रागावायचं तर मान वळवावी लागते, आणि तेवढीही जागा नव्हती.

कापडाच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये एरवी चादरींचा सेल लागतो. आज तिथे कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या आया होत्या, आयांच्या पुढे घुसलेल्या आज्या होत्या, आणि ज्यांच्या घरात मूलच नव्हतं तेही होते. उद्या झालं तर हाताशी असावी म्हणून.

काय असावी? तर बाटली.

दिवाणावर बाटलीबाबा बसले होते. जन्मभर फक्त साय खाल्ल्यासारखे गोबरे गाल, आणि लाँड्रीतून नुकतेच आल्यासारखे पांढरे कपडे. दोन बोटांत एक छोटी बाटली, तिला बाळाने चोखायचं गुलाबी रबरी बूच. पुढच्या रांगेतलं एक बाळ त्यांनी मांडीवर घेतलं आणि बाटली त्याच्या तोंडाशी वाकडी केली. आतलं दूध सर्रकन उतरलं. बाटली रिकामी.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

"गेलं!" हॉल गरजला.

बाबांनी बाटली सरळ केली. दूध पुन्हा काठोकाठ.

"आलं?"

"आलं!" दोन बायका तिथेच रडायला लागल्या. बाळ तर आधीपासूनच रडत होतं.

"माझ्या मातांनो," बाबा म्हणाले, "आकाशगंगेला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मिल्की वे!" शाळेतल्या बाई ओरडल्या.

"म्हणजे?"

"दुधाचा रस्ता!"

"रस्ता कोण उगाच बांधतं का? रस्ता आहे म्हणजे वाहतूक आहे! त्या रस्त्यावरून निघालेलं दूध थेट या बाटलीत उतरतं. ही बाटली भरायची नाही, उघडायची नाही, धुवायची नाही, उकळायची नाही. आणि बाळ पीत असताना घरातल्या पुरुषांनी बघायचं नाही. पुरुषांच्या नजरेने दूध नासतं."

मला राहवलं नाही. "बाबा, ते दूध गाईचं की म्हशीचं?"

"आजोबा, तुम्ही नास्तिक दिसता."

"छे हो! मला म्हशीचं पचत नाही, म्हणून विचारलं."

चारी बाजूंनी "शूऽऽ" झालं. लोकांचाही दोष नाही. आमच्या भागात मला थापाडे आजोबा म्हणतात. वडिलांच्या घड्याळाचा मिनिटकाटा एवढा लांब होता की दर तासाला तो शेजाऱ्याच्या खिडकीतून फिरून यायचा, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मी घड्याळात बघून वेळ सांगितली तरी लोक दुसऱ्याला विचारतात.

बाबा बाटलीचे पैसे घेत नव्हते. फक्त "जुन्याचा त्याग" मागत होते. घरातली जुनी दुधाची बाटली त्यांच्या पोत्यात टाकायची आणि नवी घ्यायची. आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे सूनबाईच्या आईने, माझ्या डोळ्यांदेखत आमची बाटली पोत्यात टाकली. रुंद तोंडाची, जाड काचेची, मापाच्या खुणा काचेतच उमटवलेली. सूनबाईने तीन दुकानं पालथी घालून आणलेली.

"अहो विहीणबाई!"

"तुम्ही गप्प बसा, व्याही. नजर तिकडे करा."

आमच्या घरची गोष्ट थोडक्यात सांगतो. मुलगा जहाजावर. सूनबाई लाँड्रीत इस्त्रीवर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. नात चार महिन्यांची. जन्मली तेव्हाच अशी गुटगुटीत होती की नाव ठेवायच्या आधीच तिची ढब्बू झाली. सकाळ-संध्याकाळ आई अंगावर पाजायची. मधल्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पावडरचं दूध बाटलीने. ते काम करायला विहीणबाई मुद्दाम आल्या होत्या, आणि करतही होत्या मनापासून. त्या जे करतात ते मनापासूनच करतात, हीच तर अडचण.

सूनबाईनेही हरकत घेतली नाही. दिवसभर वाफेने हात सोलवटलेले, त्यात घरी आल्यावर बाटल्या उकळा, ब्रशने घासा, बूच उलटं करून धुवा. न धुवायची बाटली म्हटल्यावर तिला एवढं बरं वाटलं की तिने पुढचं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी आतल्या खोलीचं दार बंद होऊ लागलं. मी पुरुष, म्हणून बाहेर. आतून ढब्बूचं रडणं आणि विहीणबाईंचं "पी गं माझे बाई, आकाशातनं आलंय!"

"विहीणबाई, पोरगी भुकेली आहे हो!"

"काही भुकेली नाही. बाबांनी सांगितलंय, पोट भरून उरलेलं दूध आवाजाच्या रूपाने बाहेर पडतं."

"आणि आवाज थांबला की?"

"की तृप्ती."

रडून रडून गळून गेलेल्या पोरीला तृप्त म्हणणारी बाई आणि दाराबाहेर हात चोळणारा मी. पाचव्या दिवशी सूनबाईला गाठलं.

"बाळे, त्या बाटलीतून काही येत नाही गं. शपथ."

"अण्णा," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "परवाच तुम्ही म्हणालात, तुमच्या तरुणपणी इस्त्री एवढी जड असायची की खाली ठेवली की शेजारच्या गावात भूकंप व्हायचा."

उभ्या जन्मात एकदा खरं बोलायला गेलो, तर माझीच थाप आडवी आली.

चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. बाकीच्या घरांतली बाळं मस्त होती. तेच बूच, तीच बाटली, आणि गाल वर आलेले. मी औषधवाल्याकडे चक्कर मारली. म्हटलं, बिचाऱ्याचे पावडरचे डबे पडून असतील.

"पडून?" तो म्हणाला. "आजोबा, दोन खोकी जास्त मागवलीत! पण लोकांना झालंय काय? डबा घेतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि चोरासारखे मागच्या बाजूने जातात. काल एकीने तर डबा छत्रीत घालून नेला."

माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं.

दहाव्या दिवशी दवाखान्यात बाळांची वजनं होती. लांबलचक बाक, त्यावर पंधरा-वीस आया आणि आज्या, प्रत्येकीच्या हातात गुलाबी बुचाची बाटली. नर्सबाई एकेक बाळ काट्यावर ठेवत होत्या. हे दोनशे ग्रॅम वाढलं, ते अडीचशे. प्रत्येक आकड्याला बाकावरून "बाबांची कृपा!" असा गजर होत होता.

मग ढब्बू. नर्सबाईंनी आकडा पाहिला, कार्ड पाहिलं, तिला उचलून पुन्हा ठेवलं.

"तीनशे ग्रॅम उतरलीय."

बाकावर कुजबुज सुरू झाली. "श्रद्धा कमी पडली असेल." "त्यांच्या घरात तो म्हातारा आहे ना." "नजर लागली, दुसरं काय!"

विहीणबाईंचा चेहरा कागदासारखा झाला. "मी सगळे नियम पाळले हो," त्या म्हणाल्या. "एकही नाही मोडला. माझंच काहीतरी चुकलं असेल."

"दिवसाला लंगोट किती ओले होतात?" नर्सबाईंनी विचारलं.

"दोन. कधी तीन."

"सहा तरी व्हायला हवेत. बाटली बघू. उघडते कशी?"

"उघडायची नाही."

"धुता कशी?"

"धुवायची नाही."

"मग भरता कशी?"

"भरायची नाही."

"अहो आजी, मग ही बाटली करते काय? नुसती बाळाच्या तोंडाला पानं पुसते?"

बाकावरची कुणीतरी बाबांना बोलवायला धावली. बाबा आले. निघायच्या तयारीतच होते. पाठीवर पोतं होतं. आतून खणखण आवाज येत होता.

"वजन ही माया आहे," त्यांनी दारातच सुरुवात केली. "दूध सूक्ष्म, म्हणून बाळही सूक्ष्म होतं."

"असू दे," नर्सबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यातल्या कुणाहून निम्म्या उंचीच्या होत्या आणि कुणाहून दुप्पट शांत. "माझा काटा अडाणी आहे, त्याला सूक्ष्म कळत नाही. त्याला फक्त जड आणि हलकं कळतं. आपण त्यालाच विचारू. दूध बाटलीतून गेलं, तर बाटली हलकी व्हायला हवी. बरोबर?"

"आकाशातून परत भरते!" बाबा म्हणाले.

"छान. मग बाटली तेवढीच राहील, पण बाळ जड होईल. कुठेतरी आकडा हलायलाच हवा. हो ना?"

बाबांनी मान डोलावली. नाही म्हणायला त्यांना जागाच ठेवली नव्हती.

नर्सबाईंनी बाटलीचं वजन केलं: साठ ग्रॅम. ढब्बूचं वजन फळ्यावर लिहिलं. मग विहीणबाईंनाच म्हणाल्या, "पाजा तुम्ही. नेहमीसारखं." मी मान फिरवू लागलो तर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बघा. नीट बघा. नासलं तर मी बघून घेईन."

ढब्बू बाटलीला लुचली. काय लुचली! दहा मिनिटं जीव काढून ओढत होती, कपाळावर घाम आला पोरीच्या. बाटलीतलं दूध दिसेनासं झालं होतं. बाकावर सगळ्या मान उंचावून बघत होत्या.

बाटली काट्यावर गेली. साठ ग्रॅम.

ढब्बू काट्यावर गेली. फळ्यावर होता तोच आकडा, इकडचा तिकडे नाही.

"बाटली तेवढीच, बाळ तेवढंच," नर्सबाई म्हणाल्या. "मग दहा मिनिटं हिने काय प्यायलं?"

नर्सबाईंनी टेबलाच्या खणातून प्लॅस्टर कापायची करवत काढली आणि बाटली मधोमध चिरली. बाबा म्हणाले, "पाप लागेल!" नर्सबाई म्हणाल्या, "करवतीला लागू दे."

आत दुसरी बाटली निघाली. म्हणजे बाटलीला दोन भिंती, थर्मासला असतात तशा. दोन्हींच्या मधल्या फटीत चमचाभर पांढरं पाणी. सरळ धरली की ते पाणी फटीत पसरतं, बाटली भरलेली दिसते. उलटी केली की सगळं बुचाच्या पोकळीत जाऊन बसतं, बाटली रिकामी. बुचाला भोक? नावालाही नाही.

"अहो, ही तर खेळण्यातली!" शाळेतल्या बाई किंचाळल्या. "आमच्या पुतणीच्या बाहुलीबरोबर मिळाली होती!"

बाहुलीला काय, ती महिनोन् महिने अशा बाटलीवर राहते. तिला पोटच नसतं.

"पण मग," एक तरुण आई न राहवून म्हणाली, "माझं बाळ कसं वाढलं?" आणि बोलल्यावर तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

"कसं वाढलं?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

"मी... ते रडायचं ना, म्हणून... वाटी-चमच्याने पाजत होते. गुपचूप."

"तू पण?" शेजारची उडालीच. "मला वाटलं, माझ्या एकटीचीच श्रद्धा कच्ची!"

"मी डबा छत्रीतून नेला!" तिसरी म्हणाली.

मग काय, बांध फुटला. सगळ्यांनी चोरून पाजलं होतं, सगळ्यांनी बाबांचा जयजयकार केला होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की शेजारणीची बाटली चालते, आपलीच तेवढी चालत नाही. अख्ख्या भागाला एका माणसाने बाटलीत उतरवलं होतं, आणि बूच लोकांनी स्वतःच्या हातांनी लावून घेतलं होतं.

खरी श्रद्धा फक्त एकीची निघाली. म्हणून उपाशी बाळही एकच.

विहीणबाई ढब्बूला छातीशी धरून बसल्या होत्या. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या, "मीच हिला दहा दिवस..." सोयरीक झाल्यापासून ज्यांच्याशी कुरघोड्या केल्या त्या बाईला मला एक शब्द टोचून बोलता आला नाही. मी नुसता शेजारी जाऊन बसलो.

तेवढ्यात बाबा पोत्यासकट मागच्या दाराने निघाले होते. दवाखान्याला औषधं पोचवायला आलेला औषधवाला तिथेच दारात उभा होता. "स्वामी, पुढच्या गावात या बाटल्या 'परदेशी काच' म्हणून विकायच्या आहेत वाटतं?" पोतं खाली आलं. बायकांनी त्यातून आपापल्या बाटल्या ओढल्या आणि बाबांना चौकीत पोचवायला चौघीजणी निघाल्या. जाताना एकीने त्यांना विचारलं, "गेलं?" तीच उत्तरली, "गेलं!"

नर्सबाईंनी आमची काचेची बाटली हातात घेतली.

"ही कुणी निवडली?"

"सूनबाईने," मी म्हणालो.

"शहाणी आहे. आता ऐका गं सगळ्या. तोंड एवढं रुंद हवं की ब्रश तळाला टेकेल. कोपरे, नळ्या, बाहुलीची चित्रं असली मिरवायची बाटली नको. जिथे ब्रश जात नाही तिथे दूध कुजतं. जेवढे कमी तुकडे, तेवढं बरं, आणि सगळे सुटे करून धुवायचे, उकळायचे. प्लॅस्टिकची घेतलीत तर बाळांच्या दुधासाठीचीच घ्या, आणि चरे पडले की टाकून द्या. काचेची फुटते, पण लपवत काही नाही. बाटली उलटी धरून बघा: बुचातून थेंब थेंब पडला पाहिजे. धार लागली तर बाळाला ठसका लागेल, आणि काहीच पडलं नाही तर..." त्यांनी चिरलेल्या बाटलीकडे नुसतं बोट केलं. "आणि हे काही जमत नसेल तर वाटी-चमचा. ते चोरून करायचं काम नाही. उघड करा, दार उघडं ठेवून करा."

बाटली दवाखान्याच्या स्टोव्हवर उकळली. पाणी उकळून कोमट केलं, मापाच्या खुणेपर्यंत भरलं, पावडर मापाने घातली. बाटली विहीणबाईंनीच धरली. दार उघडं होतं, मी समोर बसून टक लावून बघत होतो. ढब्बू प्यायली. घशात घुटका उतरल्याचा आवाज बाकाच्या शेवटपर्यंत ऐकू आला. मग नर्सबाईंच्या खांद्यावर तिने एक सणसणीत ढेकर दिला.

पुन्हा काटा. बाटली नव्वद ग्रॅमनी हलकी. ढब्बू ऐंशी ग्रॅमनी जड.

"दहा ग्रॅम कुठे गेले?" विहीणबाईंनी विचारलं. त्यांनी प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

नर्सबाईंनी ओला खांदा पुढे केला. "हे बघा. इथे."

तर बाबांनो आणि बायांनो, असं विचारत जा. कुणी म्हणालं आलं, तर विचारा कुठून आलं. कुणी म्हणालं गेलं, तर विचारा कुठे गेलं. विचारल्याने खरं दूध नासत नाही. आणि बाळ रडलं, तर आकाशाकडे बघू नका, आधी बाळाकडे बघा. त्याला बहुतेक भूक लागलेली असते.