रिकाम्या खुर्चीला शिकवलेले अपूर्णांक

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. पाचवीला गणित शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यात दोन गोष्टी मी कधी उधळल्या नाहीत. एक खडू, दुसरी शाबासकी. खडू नखाएवढा उरेपर्यंत वापरायचा आणि शाबास म्हणायचं ते उत्तर खरोखर बरोबर आलं तरच. पोरं माझ्यामागे मला कंजूषबाई म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग एक दिवस शिक्षण खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. आडबाजूच्या कितीतरी शाळांत गणिताला शिक्षकच नव्हते. एका शिक्षिकेचे पाठ चित्रित करायचे आणि त्या शाळांत पडदे लावून ते दाखवायचे, अशी साहेबांची योजना होती. ती शिक्षिका म्हणजे मी. साहेब वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे, पण बोलण्यात तरबेज. तुमच्यासारखं अपूर्णांक कुणी शिकवत नाही, एका सत्राचाच प्रश्न आहे, मग तुमचा वर्ग तुम्हाला परत, असं बरंच काही म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि हो म्हणून बसले.

स्टुडिओ म्हणजे खात्याच्या तळघरातली एक खोली. पूर्वी तिथं मोडकी बाकं ठेवत. आता भिंतींना काळा फोम चिकटवला होता, त्यामुळे बोललेला शब्द ओठांपुढे जातच नाही असं वाटायचं. आवाज येतो म्हणून पंखा बंद. दिवे चमकतात म्हणून माझा चष्मा काढून घेतलेला. तोंडाला पावडर आणि केस खांद्यावर मोकळे, कारण अंबाड्यात मी फार कडक दिसते असं कुणीतरी ठरवलं होतं. माझ्यासोबत फक्त कॅमेरेवाला. तो कानांवर हेडफोन चढवून बसायचा आणि दिवसाकाठी मोजकेच शब्द खर्च करायचा. तेवढ्यापुरता तो मला माझा माणूस वाटायचा.

पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. इतकी वर्षं बोलत आले, पण ते कुणाशी तरी. मी प्रश्न विचारला की समोर हात वर व्हायचे, एखादा खिडकीबाहेर बघायचा, एखादी पेन्सिल चावायची, आणि त्यावरून पुढचं वाक्य मला आपोआप सुचायचं. इथं समोर काचेचा एक डोळा आणि त्यामागे अंधार. शेवटी मी कॅमेरेवाल्याला कॅमेऱ्याखाली एक खुर्ची ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवली. त्या रिकाम्या खुर्चीत एक पोरगी बसली आहे असं मनाशी धरलं आणि गाडी सुरू झाली.

प्रश्न विचारल्यावर जरा थांबायचं, असं मला सांगून ठेवलेलं होतं. त्या वेळात वर्गातली मुलं उत्तर देतील अशी कल्पना. मी थांबायचे, खुर्चीकडे बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "शाबास, अगदी बरोबर." त्याशिवाय माझी जीभ पुढच्या वाक्याकडे वळायचीच नाही, इतकी ती सवय हाडीमांसी खिळलेली. खुर्ची कधी चुकत नसे. कंजूषबाई असल्या उधळ्या झाल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

सत्र संपलं, पण माझा वर्ग परत मिळाला नाही. तिथंही एव्हाना पडदा लागला होता आणि पडद्यावर मीच होते. मला तळघराशेजारी एक खोली आणि चाकांची खुर्ची मिळाली. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणत. बाई म्हणून हाक मारणारं तिथं कुणी नव्हतं. मधल्या सुट्टीची घंटा नाही, कुणाची चहाडी नाही, कुणाचं नाक वाहत नाही. जेवणाचा डबा मी भिंतीकडे तोंड करून खायचे. संध्याकाळी घराचं कुलूप उघडलं की सकाळी ठेवलेला कप जिथल्या तिथे. धाकट्या बहिणीचा फोन आला की ती चिडवायची, ताई, तू आता पडद्यावरची झालीस, आम्हाला ओळख देशील ना. मी हसायचे. फोन ठेवला की पुन्हा सगळं चिडीचूप. मी एकटी पडले होते आणि याला दुसरा शब्द नाही.

साहेबांना जाऊन मी सरळ विचारलं, माझा वर्ग कधी देणार? त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. पाठ दाखवलेल्या सगळ्या शाळांत चाचणी होणार होती. निकाल चांगला लागला तर पडदे कायम राहतील आणि मी सहावी-सातवीचे पाठ करत तळघरातच राहीन. वाईट लागला तर योजना गुंडाळायची, पडदे काढायचे आणि मी माझ्या शाळेत, माझ्या फळ्यापाशी.

निकाल वाईट लागला. अपूर्णांकात पोरांनी पार दिवे लावले होते. साहेबांचं तोंड उतरलं आणि मला आनंद झाला. झाला तो झाला, लपवत नाही. आणखी एक चाचणी घेऊन मग शेवटचा निर्णय, असं ते म्हणाले. माणसाशिवाय शिकवणं होत नाही हे त्यांच्या गळी उतरवायचं म्हणून मी आपण होऊन एका शाळेत बघायला गेले. सगळ्यांत कमी गुण पडलेली शाळा मी मुद्दाम निवडली होती.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून बरंच चालायचं होतं. शाळा दोन खोल्यांची. पडदा चालू-बंद करायला आणि पोरांना आवरायला एक तरुण ताई नेमलेल्या होत्या. गणिताशी त्यांचा संबंध पोरांइतकाच, असं त्या स्वतःच हसत म्हणाल्या. मी कोण ते मी सांगितलं नाही. ऑफिसातून आले, एवढंच म्हटलं. जाड भिंगांचा चष्मा, घट्ट अंबाडा, पावडर नाही, त्यामुळे मला कुणी ओळखलंही नाही. मी मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

पडद्यावर मी आले. पोरं एकदम सावरून बसली, आणि मला उगाच बरं वाटलं. पडद्यावरच्या मी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पोरं नुसती तुटून पडली. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर अर्धी उभीच राहिली. तिचा आवाज एवढा खणखणीत, की वर्गात तिला भोंगा म्हणत हे मला नंतर कळलं. भोंगा ओरडली, "एक चतुर्थांश!" चार तीनाहून मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा. ही चूक दरवर्षी वर्गात होतेच. मी दरवर्षी तिथंच थांबवायचे, कागदाची पट्टी घडी घालून दाखवायचे, आणि चुकणाऱ्याच्या तोंडूनच बरोबर उत्तर काढायचे.

पडद्यावरच्या मी मान डोलावली आणि गोड हसून म्हणाले, "शाबास, अगदी बरोबर." आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले.

भोंगा बसली ती फुलून. तृतीयांश म्हणणारेही तेवढेच खूश. नुसतं आ वासणाऱ्या दोघांनाही शाबासकी मिळाली होती. पट्टीची घडी पाठात कुठेच नव्हती, कारण खुर्ची चुकलीच नव्हती. पूर्ण पाठभर हेच चाललं. पोरं काहीही ओरडत होती आणि मी हसून हसून सगळ्यांना शाबासकी वाटत होते.

पाठ संपल्यावर मी भोंग्याला जवळ बोलावलं. एका पट्टीचे तीन सारखे तुकडे केले आणि तेवढ्याच दुसरीचे चार, तर कुठला तुकडा मोठा येईल, असं विचारलं. ती ठामपणे म्हणाली, चारचा. मी चुकलं म्हटलं, तेव्हा तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी कुठली उपटसुंभ.

"बाई रोज मला शाबास म्हणतात," ती म्हणाली. "बाईंना जास्त कळतं."

मला तिला घट्ट धरून सांगावंसं वाटलं, की ती बाई मीच आहे आणि मी तुझं एकही उत्तर ऐकलेलं नाही. त्याऐवजी मी तिला कागद फाडून दाखवला. ती बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू पडला. रोज मिळालेली ती सगळी शाबासकी खोटी होती का, असं तिनं विचारलं नाही.

निघताना मी ताईंना सहज विचारलं, पडदे काढले तर इथं गणिताला कोण येईल? त्या म्हणाल्या, "कोण येणार? पडदा लागण्याआधी कोण यायचं?"

परतीच्या वाटेवर मी माझ्याशीच भांडत बसले. मला काहीही करायचं नव्हतं. फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. पुढच्या चाचणीतही पोरं आपटली असती, योजना बुडाली असती, मला माझा वर्ग, माझी पोरं, ती बाई म्हणून मारलेली हाक, सगळं परत मिळालं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं. त्या रात्री मी जेवले नाही. मला माझा वर्ग इतका हवा होता, की छातीत खरंच दुखत होतं. पण डोळे मिटले की ती अर्धी उभी राहिलेली पोरगी दिसायची.

सकाळी साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. दोष पडद्याचा नाही, माझ्या पाठांचा आहे आणि ते सगळे नव्यानं करायला हवेत, असं सांगितलं. पाठ चांगले झाले तर तुमचा वर्ग गेला, याची त्यांनी मला आठवण करून दिली. बिचाऱ्यानं भल्यासाठीच दिली असेल. मी त्यांच्यावर उखडले. मला कळतंय ते, कुणी समजावून सांगायची गरज नाही, असं फटकन बोलून गेले.

पुन्हा तळघर, पुन्हा पावडर. खुर्ची मी स्वतः उचलून बाहेर ठेवली. आता प्रश्न विचारला की मी कॅमेऱ्याकडे बघून खरं तेच सांगायचे, "मला इथून तुमचं ऐकू येत नाही. शेजाऱ्याकडे वळा. त्याला तुमचं उत्तर सांगा आणि का ते पटवून द्या. नाही पटलं तर भांडा." मग मी गप्प उभी राहायचे, चांगला बराच वेळ. त्यानंतर पट्टी घ्यायची, घडी घालायची, तुकडे शेजारी शेजारी धरायचे. पहिल्यांदा ते वाक्य म्हणून झालं तेव्हा कॅमेरेवाल्यानं हेडफोन काढले आणि विचारलं, बाई, पाणी हवंय का? इतक्या महिन्यांत तो मला पहिल्यांदाच बाई म्हणाला. मी नको म्हटलं. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

दुसऱ्या चाचणीचा निकाल चांगला लागला. साहेबांनी पेढ्यांऐवजी मला सहावीचं पुस्तक दिलं. पडदे कायम झाले आणि तळघरही. बहीण फोनवर म्हणाली, अभिनंदन, ताई. मी थँक्यू म्हटलं आणि गॅस बंद केला की नाही ते बघायला दोनदा स्वयंपाकघरात गेले.

सहावीचं काम सुरू व्हायच्या आधी मी एकदा त्या शाळेत जाऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. ऑफिसला तपासणी म्हणून कळवलं, पण मला नुसतं बघायचं होतं. मी पुन्हा मागच्या बाकावर बसले. पडद्यावरच्या मी प्रश्न विचारला, मला ऐकू येत नाही म्हणून सांगितलं, आणि अख्ख्या वर्गानं पडद्याकडे पाठ फिरवली. काय गलका तो! कुणी बोटं मोजतंय, कुणी वहीचं पान फाडतंय, एकानं तर शेजाऱ्याचा गळाच धरला होता. माझ्या वर्गात एवढं गणित कधी बोललं गेलं नव्हतं. पडद्यावर मी हात बांधून उभी होते, आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी फार पोरकं वाटलं.

भोंग्याचं उत्तर तिच्या शेजारणीला लगेच पटलं होतं. भोंग्यानं नवं गिऱ्हाईक शोधायला मागे वळून पाहिलं. उठली, आणि सरळ माझ्या बाकावर येऊन बसली.

"आजी, तुमच्या शेजारी कुणीच नाही," ती म्हणाली. "मला सांगा तुमचं उत्तर."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. समोर एक पोरगी बसली होती, खरीखुरी, माझ्या तोंडाकडे बघत, आणि इतक्या दिवसांनी मला नेमकं तेच झेपेना. माझे डोळे भरून आलेले तिला दिसले. तिला वाटलं, या वेळचं उत्तर मला येत नाही. ती माझ्याजवळ सरकली, पडद्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाली,

"चुकलं तरी सांगा. घाबरू नका. बाईंना आपलं काही ऐकू येत नाही."