चार घंटांची जागा

"जातेस तर जा पोरी, पण ध्यानात ठेव. सहांतला एक गेला म्हणजे पाच उरतात, असं नसतं. एकापाठोपाठ एक सुटत जातात, आणि मग नुसते दोर लोंबत राहतात."

हॅगथॉर्पच्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांचे म्होरके सिरिल ऑडलिंग हे बोलले, तेव्हा ब्रायनी अठरा वर्षांची होती. नॉटिंगहॅमच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती हसून म्हणाली, "मिस्टर ऑडलिंग, मी कोण एवढी लागून गेलेय? महिन्याभरात माझ्या दोराशी कुणीतरी उभं राहील." शेजारी तिची आई रोझलिंड तिसऱ्या घंटेचा दोर गुंडाळून ठेवत होती. तीही हसली, आणि विषय तिथेच राहिला.

आज ब्रायनी त्याच फाटकाशी गाडी लावत होती, मागच्या सीटवर पाच महिन्यांची टिल्डा. गाडी बंद केल्यावर तिने सवयीने मागे वळून बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. रस्त्यात दोनदा गाडी थांबवून पाहिला तेव्हाही होता.

दर मे महिन्यात दोन दिवस त्या भागातली सगळी जुनी चर्चं दिवसभर उघडी असतात. एरवी पाद्रीबाईंच्या वाट्याला इतकी गावं, की हॅगथॉर्पला महिन्यातून एकदा प्रार्थना झाली तरी पुष्कळ. बाकी दाराला कुलूप. या दोन दिवसांत मात्र लोक नकाशा घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात गाड्या हाकतात, दगडातलं कोरीवकाम मान वर करून बघतात, आणि खरं सांगायचं तर केक खातात. यंदाच्या पत्रकात हॅगथॉर्पच्या नावापुढे लिहिलं होतं: चहा, केक, घंटा. त्या शेवटच्या शब्दासाठी ब्रायनी आली होती. आई जाऊन दोन हिवाळे झाले, घर विकलं गेलं, गावात स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नाही. पण पाळण्यात पडल्यापडल्या आपण ज्या घंटा ऐकल्या त्या लेकीच्या कानावर एकदा पडाव्यात, असं तिला फार वाटत होतं. इतकं, की त्याबद्दल नवऱ्याशीही ती धड बोलू शकली नव्हती.

आत शिरताच तिची नजर आधी धोक्यांवरून फिरली. चहाचं उकळतं भांडं टेबलाच्या कडेला. एक फरशी हलणारी. केकची सुरी पोरांच्या हाताला येईल अशी. मग कुठे तिला फुलं दिसली, खिडक्यांच्या कोनाड्यांत भरलेली रानफुलं, आणि जुन्या बाकांचा तो मेणाचा नि ओलीचा वास आला.

"ब्रायनी? रोझलिंडची ब्रायनी?" केकच्या टेबलामागून मिसेस डाउस उठल्या. "अगं, मग पाहुण्यासारखी दारात काय उभी? आण तिला इकडे."

"नको, ती परक्यांकडे रडते."

खरं तर टिल्डा अजून कुणा परक्याकडे गेलीच नव्हती. रडते की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी परकी होय? तुझे लंगोट बदललेत मी, याच बाकावर."

ब्रायनी कसनुसं हसली, बाळाला छातीशी आणखी आवळलं आणि पश्चिमेच्या टोकाला, मनोऱ्याखाली गेली. तिथे छतातल्या भोकांमधून सहा दोर जमिनीपर्यंत येत. आज पाच दोर वर आकड्याला अडकवलेले होते, आणि एकच खाली सोडलेला. त्याच्याशेजारी खुर्चीवर सिरिल ऑडलिंग बसले होते.

"आलीस," ते म्हणाले, जणू ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली होती.

"बाकीचे कुठायत?"

"एक वृद्धाश्रमात. एकाचा खांदा गेला. एक समुद्राकाठी लेकाकडे. आणि तुझी आई." त्यांनी दोराकडे हनुवटी केली. "मी एकटाच एक वाजवतो. लोकांना वाटतं, गावात कुणी गेलं. सकाळी एक गृहस्थ टोपी काढून उभेच राहिले. त्यांना म्हटलं, घाला हो, अजून मी आहे."

ब्रायनीला हसू आलं. "आई मग शेवटी कुणाबरोबर वाजवायची? दर रविवारी फोनवर सांगायची, वाजवून आले म्हणून."

"माझ्याबरोबर. ती तिसरी, मी सहावी. दोन वर्षं दोघंच."

"दोघांत काय वाजणार?"

"सहांचंच. मधल्यांची जागा सोडायची. तुझी आई पक्की होती त्यात. जे नाहीत त्यांना तिने कधी घाई केली नाही."

दोन वर्षं. आणि फोनवर एका शब्दानं नाही. बोलली असती तर लेक परत आली असती का? नसती आली. ते आईला ठाऊक असणार, म्हणून बोलली नसणार.

"पहिली तुझी होती ना?" सिरिल म्हणाले. "येतेस?"

ब्रायनीने वर अडकवलेल्या दोरांकडे बघितलं. दोराची ती लोकरीची, लाल-निळ्या पट्ट्यांची मूठ, हाताला अजून आठवत होती. पण वर मनोऱ्यात तोंड वर करून उभी राहिलेली घंटा सुटली, की दोर खाली माणसासकट सगळं ओढून नेतो. तान्ह्या बाळाला दोरांच्या आसपास आणायचं नाही, आणि वाजवणाऱ्याने समोरच्या दोरावरून नजर काढायची नाही. पहिल्या घंटेची जागा अशी, की पाठ चर्चकडे. म्हणजे बाळ मागे, कुणाच्या तरी हातात, आणि आपण बघायचंही नाही.

"मला नाही जमायचं. टिल्डा आहे."

"टिल्डा आहे म्हणूनच म्हणतोय. ती नसती तर ऐकणार कोण, मी नि हे केक खाणारे?"

मिसेस डाउस हात पुसत येऊन उभ्याच होत्या. "चार पोरं वाढवलीत मी. एकही हातातून पडलं नाही. धाकट्याला पाडायला हवं होतं, पण ते जाऊ दे."

ब्रायनीने बाळ दिलं. मान सांभाळा म्हणाली. गोड काही चाटवू नका, गालाचे पापे नकोत, त्या चहाच्या भांड्याजवळ जाऊ नका.

"श्वास घेतला तर चालेल ना तिने?" मिसेस डाउसनी विचारलं.

सिरिलनी पहिलीचा दोरही खाली सोडला आणि दोन्ही घंटा झोके देऊन वर उभ्या केल्या. त्यात त्यांचा बराच दम गेला. तिने हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. मग दोघं समोरासमोर उभी राहिली. सुरुवातीचे शब्द पहिल्या घंटेवाल्याने बोलायचे असतात.

"सावध. ही चालली." तिने दोर ओढला. "गेली."

वर कुठेतरी घंटा कलंडली आणि बोलली. मग काहीच नाही, आणि मग सिरिलची सहावी, खोल. पुन्हा तिची. पण ती लवकर पडली.

"घाई करतेस. चार जणं आहेत मध्ये."

तिने दोर वर जाऊ दिला आणि थांबून ऐकलं. दुसरी, पोस्टातल्या बाईंची, किंचित उशिराने येणारी. तिसरी. तिसरीच्या जागी तिला आई दोर ओढताना नाकातून जो हुंकार सोडायची तो ऐकू आला, मनोऱ्यातला नव्हे, तिच्या आतला. चौथी, पाचवी. मग सिरिल. आणि आता ती. बरोबर पडली. पुन्हा बरोबर. ती रिकामी जागा अशी भरलेली होती, की तिच्यात वारंवार जावंसं वाटत होतं, आणि दरवेळी तिथे कुणी नव्हतं.

मागून टिल्डाचा आवाज आला. रडण्याचा की नुसता, कळेना. ब्रायनीची मान वळू लागली.

"दोर बघ," सिरिल शांतपणे म्हणाले. "मागे माणसं आहेत."

तिने दोर बघितला. डोळे भरून आलेले, त्यामुळे दोन दोर दिसत होते. त्यांतला जाडसर तो खरा, असं मानून ती ओढत राहिली.

"उभी," म्हणून घंटा थांबवल्या तेव्हा तळवे चुरचुरत होते. ती वळली. मिसेस डाउस कुणाला तरी केक कापून देत होत्या, आणि टिल्डा एका अनोळखी सायकलवाल्याच्या हातात होती. त्याच्या डोक्यावर अजून हेल्मेट. टिल्डाचं तोंड उघडं, डोळे छताकडे. घंटा थांबल्या हे तिला पसंत नव्हतं, इतकंच तिच्या चेहऱ्यावर होतं. ब्रायनीने लगेच हिसकून घेतलं नाही. आधी जवळ गेली, सायकलवाल्याशेजारी उभी राहिली, आणि लेकीचा चेहरा बघून घेतला.

निघताना ती सिरिलपाशी बसली. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, बऱ्याच आत.

"तुमच्याकडे बघायला कोण येतं, मिस्टर ऑडलिंग?"

"बघतं की घड्याळ. मनोऱ्यावरचं. दोन-तीन दिवसांनी मीच वर जाऊन किल्ली देतो. ते चालू, तर मी चालू. डाउसबाई सकाळी खिडकीतून ते बघतात, झालं."

"आणि सप्टेंबरात मी लेकीकडे राहायला चाललेय," टेबलामागून मिसेस डाउस म्हणाल्या. "मग बघेल नवीन भाडेकरू. त्याला काय, मोबाइलात वेळ दिसते."

नॉटिंगहॅमहून ते घड्याळ दिसत नाही. फोन केला तर सिरिल उचलतात आणि बरं आहे म्हणतात. आई म्हणायची तसंच. म्हणून ब्रायनी हल्ली भेटेल त्याला सांगते, ओळखीचा असो की नसो, आणि तेच इथे तुम्हालाही सांगायचं आहे. त्या उघड्या दारांच्या दोन दिवसांत किंवा एरवीही कधी हॅगथॉर्पवरून गेलात, तर मनोऱ्याकडे एकदा मान वर करा. घड्याळ थांबलेलं दिसलं, तर फाटकाला लागून सिरिलचं हिरव्या दाराचं घर आहे, तिथे कडी वाजवा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो. लगेच निघून जाऊ नका, थोडं थांबा.