बांधलेला पाऊस

अक्षदाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या आईला, सुभद्राला, घास गोड लागत नव्हता. दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं, तरी पाऊस काही मुंबई सोडायला तयार नव्हता. टीव्ही लावला की अरबी समुद्रातलं वादळ, मोबाइल उघडला की तेच वादळ. आणि लग्न होतं लालबागच्या त्यांच्या चाळीच्या पटांगणात, उघड्या आभाळाखाली!

हॉल मिळत नव्हता असं नाही. पण तिच्या नवऱ्याने, जयवंतने, हट्ट धरला होता. "पुढच्या वर्षी चाळ पाडणार. माझं लग्न या पटांगणात झालं. पोरीचंही इथेच लागणार." त्याच्यापुढे सुभद्राचं काही चाललं नाही.

एका सकाळी ती नळावर पाणी भरत होती. तळमजल्याच्या मीराबाई तिथे कळशी घासत होत्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा या बाईची खाणावळ होती. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, आता एका खोलीत एकट्या राहायच्या. आभाळाकडे बघत त्या म्हणाल्या, "पाऊस येतलो गो सुभद्रा. मांडवार ताडपत्री घाल, नायतर पंगत भिजतली."

बाई काळजीने बोलली होती. पण सुभद्राच्या काळजात मात्र चर्र झालं. शुभकार्याच्या तोंडावर असं कशाला बोलायचं?

परळला एक बाबा पाऊस बांधून देतो, असं तिने मासळीबाजारात ऐकलं होतं. दुपारी घरात कोणाला न सांगता ती त्याच्याकडे गेली. कोंदट खोलीत धुपाचा धूर भरलेला. बाबा डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि मग एकदम डोळे उघडून त्याने विचारलं, "पाऊस बांधीन. पण बांधलेला पाऊस सोडणारी तुझ्या जवळपासच आहे. एकटी बाई आहे. हो की नाही?"

सुभद्राने नकळत मान हलवली.

"नाव घे. नाव घेतल्याशिवाय बंधन बसत नाही."

आणि तिने नाव घेतलं! कळशी घासणारी ती म्हातारी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तोंडून शब्द निसटला, "मीराबाई."

बाबाने काळ्या दोऱ्याने बांधलेलं एक मडकं दिलं. पटांगणाच्या कोपऱ्यात पालथं घालायचं, कोणी हात लावता कामा नये. हात लागला तर पाऊस दुप्पट जोराने येईल. मांडव घालण्याचं काम चाळीतला स्वप्नील बघत होता. मडकं हलू नये म्हणून सुभद्राला त्याला सांगावं लागलं. भीतीच्या भरात तिने मीराबाईंचं नावही सांगून टाकलं. स्वप्नीलने ते आणखी कोणाला सांगितलं, त्याने आणखी कोणाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. चाळभर बाबाचा जयजयकार! पण त्याच दिवसापासून मीराबाई नळावर आल्या की बायका बाजूला सरकू लागल्या. पोरांना आया आत ओढू लागल्या. सुभद्राला हे दिसत होतं. एकदा कार्य उरकू दे, मग सगळं मिटेल, अशी ती मनाची समजूत घालत राहिली.

हळदीच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. बघता बघता अंधारलं. वारा असा सुटला की मांडवाचं कापड फाटून फडफडू लागलं. एक खांब कोसळला तो थेट जयवंतच्या खांद्यावर. त्याला बाकावर बसवेपर्यंत पाऊस कोसळायला लागला. इतक्यात कोपऱ्यातून स्वप्नील ओरडला, "मडकं फुटलंय! कोणी फोडलं?"

सगळे मडक्याभोवती गोळा झाले. मग गर्दीतून आवाज आला, "सकाळी म्हातारी इथेच होती."

"बाबाने नाव सांगितलेलंच आहे."

"चेटकीण आहे ती. बाहेर काढा!"

सुभद्रा जिन्यात उभी होती. हा शब्द तिने ऐकला आणि वाकून खाली पाहिलं. ही रोजची माणसं होती. कोणी बँकेत, कोणी कुरिअरमध्ये, कोणी कॉल सेंटरला. त्यांचे चेहरे तिला ओळखू येईनात. दारावर धडाधड थापा पडल्या, कडी तुटली आणि मीराबाईंना दंडाला धरून भर पावसात पटांगणात आणलं. स्वप्नीलच्या हातात मांडवाचा बांबू होता.

"पाऊस थांबव! थांबेपर्यंत इथून हलायचं नाही!"

म्हातारी थंडीने आणि भीतीने कापत होती. पांढरे केस तोंडावर चिकटले होते. तिने सगळीकडे पाहिलं आणि तिची नजर जिन्यावर गेली. "सुभद्रा, तू तरी सांग गो यांका. मी काय केलंय?"

सुभद्राने नजर वळवली.

नेमक्या त्याच वेळी गिरगावातल्या फणसवाडीहून वरपक्षाची मंडळी नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन आली. पुढे वराची आई सुनेत्राबाई. तिथल्याच एका शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. समोरचा प्रकार बघून त्यांनी हळदीचं ताट मागच्या बाईच्या हातात दिलं, सरळ गर्दीत शिरल्या आणि मीराबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"तो बांबू खाली ठेव. आधी मला मारावं लागेल."

"काकू, तुम्हाला माहीत नाही," स्वप्नील चाचरत म्हणाला. "बाबाने पाऊस बांधला होता. हिने सोडला. परवा ऊन पडलंच होतं ना!"

"ऊन आमच्या गिरगावातही पडलं होतं. तिथे कोणाचं मडकं होतं? बरं, क्षणभर धरून चालू, पाऊस बांधता येतो. मग कोणाला विचारून बांधलात? तुमच्या मांडवावरचा ढग ढकलून कोणाच्या डोक्यावर घालणार होतात? माझगावातल्या एखाद्या गळक्या घरावर? कफ परेडहून होड्या घेऊन गेलेल्या मच्छीमारांवर? अरे, मंत्र खोटा असेल तर ती फसवणूक आहे. आणि खरा असता, तर तो अपराध होता!"

पावसाच्या आवाजातही त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"पाऊस मंत्राने थांबतो असं एकदा मानलं, की तो पडल्यावर पाडणारं माणूस शोधावंच लागतं. आणि सापडतं कोण? जिच्या मागे कोणी नाही ती! एखाद्या धडधाकट, चार भाऊ पाठीशी असलेल्या पुरुषाचं नाव आलं तुमच्या मनात?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हिचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं?"

स्वप्नीलने चोरून सुभद्राकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बाबानेच सांगितलं, काकू."

सुभद्राची सुटका झाली होती. गप्प बसलं की झालं. बोललं तर समोर होणारी विहीण, लेकीचं लग्न, चाळीतली अब्रू, सगळंच पणाला. सुभद्राने कठडा घट्ट धरला. पटांगणात मीराबाईंचे ओठ निळे पडत चालले होते. तिला एकदम उमगलं की पावसापेक्षा भयंकर असं काहीतरी तिने स्वतःच्या हातांनी या चाळीवर ओढवून आणलं होतं.

"नाही!" ती किंचाळलीच. "बाबाने नाही, नाव मी घेतलं! त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं आणि मी घाबरून सांगितलं!"

ती धावत खाली आली. अंगावरची शाल काढून तिने मीराबाईंना गुंडाळली आणि त्यांच्या पायांशी चिखलात बसून रडू लागली. बांबू कधी खाली पडला ते कोणाला कळलं नाही. एकेक जण नजर चुकवत आडोशाला गेला. सुनेत्राबाईंनी वाकून सुभद्रापुढे हात केला. मग म्हणाल्या, "उठा विहीणबाई. आधी यांना कोरडे कपडे द्या. हळद नंतर लावू."

लग्न लागलं ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, धो धो पावसात. वऱ्हाडी जिन्यात दाटीवाटीने उभे होते, अक्षता तिथूनच पडल्या. मीराबाई आल्या नाहीत. सुभद्रा जेवणाचं ताट घेऊन गेली तर आतून आवाज आला, "थयच ठेव. माका अजून दार उघडूक भय वाटता."

ती दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली.

लग्न पार पडताच ती जयवंतला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. बाबाविरुद्ध तक्रार देताना नाव कोणी घेतलं, तेही तिने लपवलं नाही. स्वप्नीलने स्वतः मीराबाईंच्या दाराला नवी कडी बसवून दिली. माफी मागायला मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मीराबाई सुभद्राशी बोलू लागल्या, पण खूप उशिरा, आणि पूर्वीसारख्या नाहीच.

वाचकहो, भीती कोणाला वाटत नाही? घरात कार्य असलं, आभाळ भरून आलं, की आपलाही जीव खालीवर होतो. तेव्हा ताडपत्री घाला, हॉल शोधा, नाहीतर भिजत लग्न लावा. पण आपली भीती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकू नका. पाऊस कोणाच्या बांधण्याने थांबत नाही. माणसाचा जीव मात्र आपल्या एका शब्दाने जाऊ शकतो.