वय वर्षं अकरा

"इथं वय चुकलंय. एकाहत्तर असेल, तुम्ही अकरा लिहिलंय," सोनोग्राफीचं चित्र न्याहाळत डॉक्टर म्हणाले.

"नाही डॉक्टर, अकराच. पोरगी बाहेर बसलीय," तपासणी करणारी तंत्रज्ञ म्हणाली.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत तिची सतरा वर्षं गेली होती. करडं दिसायला हवं ते यकृत चरबी साचून असं पांढरंफटक दिसायचं ते दारूत बुडालेल्या बाप्यांचं. या आठवड्यातलं हे चौथं मूल होतं.

कागद द्यायला ती बाहेर आली. मुलीची आई घाईघाईने म्हणाली, "घरी आम्ही तळलेलं करतच नाही हो! शाळेतच काहीतरी खाते."

मुलगी पापणी न हलवता तिच्याकडे बघत होती. "मावशी, तुम्ही माझ्या वर्गातल्या मित्राच्या आई ना? त्याला डब्याला बर्गरचं मोठं खोकं देता त्या? आम्ही चौघं त्याच्यातलंच खातो. रोज."

तिची पहाटेची ड्यूटी, स्वयंपाकाला वेळ नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच ती मुलासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकं आणून ठेवायची. "एकट्याने खाऊ नकोस, सगळ्यांना दे," हेही त्याला तिनेच शिकवलं होतं.

दुपारी ती घरी आली. घर चिडीचूप. मुलगा छताकडे बघत पडला होता. हल्ली तो पळत नसे, धडपडत नसे, गुडघे फोडून घेत नसे. पोरगं शहाणं झालं, असं तिला वाटायचं. आता नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

त्याच्या मानेवर काळा पट्टा दिसला. तिने ओल्या फडक्याने घासला. पुन्हा घासला.

"आई, दुखतंय. तो मळ नाहीये. आमच्या चौघांनाही आहे तो." असा पट्टा तिने वजन आणि साखर वाढलेल्या पेशंटांच्या मानेवर पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सोनोग्राफीच्या त्याच टेबलावर झोपवलं. पोटावर तपासणीचा प्रोब टेकवताच पडदा पांढरा झाला.

"काय दिसतंय गं, आई?"

तिला पडदा त्याच्याकडे वळवता आला नाही. तपासणीच्या अर्जावर 'आहाराची जबाबदारी' असा रकाना होता. बहुतेक पालक तो कोरा सोडत. तिने 'आई' लिहिलं, खाली सही केली. मग 'ते खोकं मी देत होते' हे सांगायला बाकीच्या तिघांच्या घरी फोन लावले. तिसऱ्या आईने शिव्या घातल्या. तिने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

दोघं चालत घरी निघाली. प्रत्येक खांबापाशी तो थांबे, हात टेकून दम घेई. दरवेळी तीही थांबली. 'चल लवकर' म्हणाली नाही.