पाहुणे तीन

“मेलंय हे, ताई. आठवणींचं ॲप. चार दिवस झाले, हूं नाही की चूं नाही.”

म्हाताऱ्या गृहस्थांनी फोन काचेच्या काउंटरवर ठेवला आणि मग, कुणी सांगितले नसताना, एका बोटाने सरकवून तो काउंटरच्या कडेला अगदी समांतर केला. मोबाइलवालीच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, शर्टाचे एक बटण चुकून खालच्या काजात गेले होते. पण वस्तू सरळ केल्याशिवाय चैन न पडणारे ते बोट ती बावीस वर्षांत विसरली नव्हती.

हे गुण्या सर होते.

गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे पोलादी साधन. तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये सर ते कायम खिशात बाळगीत. एखाद्या मुलाने कानशीने घासून सपाट केलेला लोखंडी तुकडा आणला की त्यावर गुण्या टेकवीत, खिडकीकडे धरीत, आणि मध्ये केसाएवढी फट दिसली तरी दोनच शब्द बोलत, “उजेड दिसतोय.” म्हणजे जॉब नापास. टोपणनाव मुलांनीच ठेवलेले, आणि ते चपखल बसले होते. गुण्याला दया नसते, सरांनाही नव्हती.

फिटरच्या तुकडीत ती एकटीच मुलगी होती. हजेरीचा नंबर एकतीस. शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी वाटेत सायकलची साखळी तुटली. ती सायकल ओढत आली, आणि दहाच्या परीक्षेला दहा वाजून अकरा मिनिटांनी पोचली. दार लागले होते. “सर, अकराच मिनिटं झालीत हो,” असे म्हणत ती काळ्या हातांनी दार वाजवीत राहिली. आतून एकदाच आवाज आला, “वेळ म्हणजे वेळ.” मग तीन तास ती बाहेर उभी राहून आतल्या तीस कानशींचा आवाज ऐकत होती. घरी वडील म्हणाले, “झालं ना शिकून?” आणि दोन महिन्यांत तिचे लग्न लावून टाकले. दुरुस्तीचे काम पुढे ती आपले आपण शिकली. जुने फोन उघडून, काही बिघडवून, आणि प्रमाणपत्र नसलेल्या कारागिराला जे जे ऐकावे लागते ते सारे ऐकून. नागिणीने डूख धरावा तसे तिने ते बंद दार मनात धरून ठेवले होते.

“बसा,” ती म्हणाली. ‘सर’ हा शब्द जिभेवर आला होता, तो तिने गिळला.

सर स्टुलावर बसले. भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या पाठीमागे होते आणि तिच्या बरोबर समोर. दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

“लवकर होईल ना? मला तीनच्या आत पोचायचंय. आमची ही तिथं असते, पलीकडच्या शुश्रूषागृहात. इथून चालत सात मिनिटं. तीनच्या ठोक्याला दार लावतात. तीनच्या आधी आत गेलेला साडेतीनपर्यंत बसतो. नंतर कुणीही येऊ दे, सोडत नाहीत.”

“मग घड्याळ बघून निघायचं.”

“बघायचं, हेच विसरतो.” सर हसले. दातांची कवळी किंचित हलली. “डॉक्टर म्हणाले, सगळं फोनमध्ये घाला. मुलीनं घालून दिलं होतं. माझ्याच हातनं ते पुसलं गेलं, मग मी बोलून परत घातलं. बोललेलं लिहून घेतो ना हा. तरी वाजत नाही. चार दिवस खुर्चीत बसून वाजायची वाट बघतोय. आज तिथल्या नर्सबाईंनीच फोन केला, म्हणून बाहेर तरी पडलो. म्हणाल्या, तुम्ही आला नाहीत की त्या जेवत नाहीत. दाराकडं तोंड करून बसतात.”

मोबाइलवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तिच्या डोक्यात एक गणित लख्ख मांडले गेले होते. चालायला सात मिनिटे. तीन वाजून चार मिनिटांनी याला सोडले, की तीन वाजून अकरा मिनिटांनी हा दारात. अकरा. एक कमी नको, एक जास्त नको.

तिने फोन हातात घेतला.

गंमत अशी की तिची काम करण्याची रीत सरांचीच होती. आधी ढोबळ तपासायचे, मग बारीक. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आवाज पाहिला, पूर्ण होता. सूचनांची परवानगी पाहिली, होती. फोनचे घड्याळ मिनिटाला बरोबर. मग बॅटरीच्या पानावर चोर सापडला. बॅटरी वाचावी म्हणून फोनने परस्पर काही ॲप झोपवून ठेवली होती, आणि त्या यादीत आठवणींचे ॲप सगळ्यांत वर घोरत पडले होते. तिने ते उठवले आणि एका मिनिटावर चाचणी लावली. मिनिट भरले आणि फोन खणखणीत वाजला.

“वाजलं!” सर अर्धे उठले.

“चाचणी आहे ती. बसा.”

ते मुकाट्याने बसले, हात मांड्यांवर ठेवून. पूर्वी त्यांच्यापुढे मुले बसत, तसे.

आता बारीक. तिने आठवणींची यादी उघडली. सकाळी सात, गोळी. साडेसात, गॅस बंद केला का. नऊ, शर्टाची बटणे पाहणे. रविवारी अकरा, मुलीचा फोन. त्याच ओळीत पुढे, नातवाचे नाव तिला विचारू नये, कपाटाच्या दारावर लिहिले आहे. प्रत्येक ओळीपुढे वेळ होती. फक्त शेवटच्या ओळीपुढे वेळेची जागा कोरी होती. तिथे लिहिले होते :

‘रोज पाहुणे तीन हिच्याकडे.’

तिने ती ओळ दोनदा वाचली आणि हसू दाबायला तिला खोकावे लागले. सर म्हणाले असणार, ‘रोज पावणेतीन, हिच्याकडे.’ कवळीतून निघालेले ते ‘पावणे’ फोनने पाहुणे समजून घेतले होते! पाहुण्यांना कुठली आली वेळ? तेव्हा तीन पाहुणे नोंदवून फोन स्वस्थ बसला होता. तो जन्मात वाजला नसता.

तिने ओळ दुरुस्त केली. रोज, पावणेतीन. दोन वाजून चौदा मिनिटे झाली होती. काम संपले होते.

“काय निघालं?” सरांनी विचारले.

“बघतेय अजून,” ती म्हणाली, आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू झाल्यावर पुन्हा बंद केला.

दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात झेरॉक्सचे यंत्र होते आणि ते चालवणाऱ्या वहिनी होत्या. त्यांना कागदांपेक्षा माणसे वाचण्याची हौस अधिक. पंधरा-वीस मिनिटांनी त्या तिकडूनच म्हणाल्या, “काय गं, आज एकाच फोनला चिकटलीस? एरवी तर लोक स्टुलावर टेकायच्या आत हाकलतेस.”

“नाजूक काम आहे, वहिनी.”

“नाजूक! परवा तो पाण्यात पडलेला दहा मिनिटांत उठवलास की.”

“तो पाण्यात पडलेला होता. हा डोक्यावर पडलाय.”

वहिनी खो खो हसल्या. सरही हसले, त्यांना वाटले, बोलणे फोनविषयीच चालले आहे. त्या हसण्याने मोबाइलवालीला बरे वाटायला हवे होते. थोडेफार वाटलेही.

“किती वाजले, ताई?”

“आहे वेळ.”

“हे आता वाजेल ना पावणेतीनला?”

“वाजेल की.”

“मग झालं. वाजलं की उठतो,” असे म्हणून सर निर्धास्त झाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. या माणसाला दिलेला शब्द पुरेसा असतो हे तिला ठाऊक होते. त्याने स्वतः शब्द कधी मोडला नव्हता, तोच तर त्याचा गुन्हा होता.

दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी तिने फोनचा आवाज तळापर्यंत उतरवला आणि फोन मुठीत घेतला. मिनिट भरले. फोन थरथरला. पकडलेले पाखरू मुठीत धडपडावे तसा तो तिच्या तळव्यात धडपडत राहिला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळ. तिने अंगठा घट्ट दाबला.

“वाजलं का?” सरांनी मान पुढे केली.

“नाही.”

धडपड थांबली. तिच्या तळहाताला मात्र नंतरही बराच वेळ मुंग्या येत राहिल्या.

तीन वाजून चार मिनिटांनी तिने फोन काउंटरवर ठेवला. “झालं.”

सरांनी फोन उचलला. काचेवरचे आकडे वाचायला त्यांना थोडा वेळ लागला. दार असे बंद झाले की हा माणूस रडकुंडीला येईल, असे तिने बावीस वर्षे मनात धरले होते. हात जोडील, धावत सुटेल. त्यावर काय बोलायचे तेही तिचे घोकून तयार होते.

“तीन वाजून गेले,” सर म्हणाले. फोन त्यांनी पुन्हा काउंटरवर ठेवला आणि कडेला समांतर केला. “आता सोडणार नाहीत.”

“जाऊन विनंती करा.”

“कशाला? त्या माणसाला नियम मोडायला लावायचा? मी शिकवायचो तेव्हा हेच करायचो. दार म्हणजे दार.”

“किती जणांना केलंत असं?”

“एकीलाच. बाकीची वेळेवर यायची, माझा धाक होता.” ते काउंटरवरच्या कानशीकडे पाहत होते, पातळ, सुईएवढी कानस, चार्जिंगची खाच साफ करायची. “एकतीस नंबर. हात असा चालायचा तिचा, रुळावरून गाडी जावी तसा. तिच्या जॉबमध्ये वर्षभरात मला उजेड दिसला नाही. म्हटलं, दुसऱ्या वर्षी येईल परत. मी दोन वर्षं तिचं नाव हजेरीपटावर ठेवलं होतं.” मग त्यांनी ती कानस एका बोटाने फोनला समांतर केली. “आली नाही.”

तिकडे झेरॉक्सचे यंत्र बंद झाले होते.

मोबाइलवालीला घोकलेल्यातले एक अक्षर आठवेना. तिने खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली आणि फोन सरांच्या हातात दिला. “चला.”

“अहो, पण सोडणार नाहीत.”

“चला म्हणते ना! वहिनी, दुकानाकडं बघा.”

स्कूटरवर सर तिच्या मागे ताठ बसले होते, गुण्यासारखे. शुश्रूषागृहाच्या पायऱ्या ते स्वतःच्या चालीने चढले. वरच्या बोळाच्या टोकाला पांढरे दार, दाराशी खुर्ची, खुर्चीत रखवालदार.

“टाइम झाला, बाई,” रखवालदार बसल्या जागेवरून म्हणाला.

“चार दिवस आले नाहीत हो हे. आत त्या जेवत नाहीत.”

“रोज कुणी ना कुणी असंच सांगतं. मी एकाला सोडलं की दहांना सोडावं लागतं.”

“अकराच मिनिटं झालीत हो!”

शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच ऐकू आला. तोच सूर, तीच तक्रार, तेच ‘हो’. रखवालदाराने खांदे उडवले. सरांनी मात्र मान वळवून तिच्याकडे पाहिले.

त्यांच्या हातातला फोन उजळला होता. त्यावर एक ओळ आली होती : चुकलेली आठवण, पावणेतीन.

“ॲप सुधारलंय की मग,” ते म्हणाले.

“हो.”

“मग वाजलं कसं नाही?”

“वाजलं, सर. मी दाबून धरलं होतं.”

सरांची नजर खाली उतरली. ते तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते. किल्ली तिने अंगठा वर ठेवून, पहिले बोट लांबवून धरली होती. कानस अशी धरतात. त्यांनी तीस वर्षे मुलांची बोटे एकेक करून तशी बसवली होती.

“एकतीस?”

तिला वाटले होते त्यापेक्षा आवाज फारच लहान निघाला. “हजर.”

सरांनी मान हलवली, हजेरी घेताना हलवीत तशीच. रागावले की नाही, ते त्या चेहऱ्यावरून तेव्हाही कळत नसे. मग ते दारापाशी गेले. दार आणि चौकट यांच्यामध्ये बारीक फट होती. चष्मा कपाळावर सरकवून, एक डोळा मिटून, त्यांनी दुसरा त्या फटीला लावला.

“उजेड दिसतोय,” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, “बसलीय. वेणी घालून बसलीय.”

रखवालदाराने तोंड दुसरीकडे वळवले.

“तुम्ही जा, ताई. दुकान उघडं आहे. साडेतीनला लोक बाहेर येतात, तेव्हा दार जरा उघडं राहतं. लांबून दिसते.”

ती गेली नाही. पदराला हातांचे काळे डाग पडत होते, ते तिच्या लक्षात आले नाही. सर दाराच्या एका बाजूला उभे राहिले आणि ती दुसऱ्या. साडेतीनला अजून पंधरा मिनिटे होती.