साहेबांना सोडलेला गेम

बसवंतदाजींचं १९५७ पर्यंतचं रेकॉर्ड नुसतं वाचणाऱ्याचा मला राग येतो. तीनदा अंतिम सामना, तीनदा पराभूत. म्हणजे गडी ऐनवेळी कच खातो, असं त्याला वाटणार. कच कसली खातोय!

माझे दाजी बेंगळुरातल्या एका क्लबात मार्कर होते, म्हणजे सभासदांना टेनिस शिकवणारे, त्यांच्याशी खेळणारे पगारी खेळाडू. पगार घेतला की माणूस व्यावसायिक, आणि तेव्हा व्यावसायिकाला मोठ्या स्पर्धांची दारं बंद. वर्षातून एकदा मार्करांची आपसातली स्पर्धा व्हायची, तेवढीच. दाजींचा बॅकहँड असा की पाहणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. पण मार्करांची एक रीत होती. साहेबांचा घाम काढायचा आणि शेवटचा गेम सोडायचा, म्हणजे साहेब खुशीत घरी जातात. वर्षानुवर्षं हेच करून हाताला वळण पडलं होतं. घरी चौकाबारा खेळतानाही शेवटचा डाव ते माझ्या बहिणीला सोडत.

१९५८ साली स्पर्धा त्यांच्याच क्लबात होती. दाजींची चाळिशी उलटलेली. यंदा नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते पुन्हा अंतिम सामन्यात पोचले, तेव्हा बहीण, आमची चंपाक्का, म्हणाली, "या वेळी मी येणार."

मी आणि चंपाक्का कुंपणापाशी उभे राहिलो. समोर धारवाडचा रघुपती, तोही मार्करच. दाजींनी त्याला असं पळवलं की माझ्यासारखा बेंगळुरातल्याच शिवाजीनगरचा दुकानदारही तोंडात बोटं घालून पाहत राहिला. मग जिंकायला एकच पॉइंट उरला, आणि दाजींनी अलगद, मऊ चेंडू टाकला. मी कपाळावर हात मारला. पण रघुपतीनंही तो तसाच अलगद परत केला! त्याच्याही हाताला तेच वळण. पंगतीत आग्रह चालावा तसे दोघं एकमेकांना चेंडू वाढत राहिले.

"अहो!" अक्का कडाडली. "तो साहेब नाही! स्वल्प, जरा जोरात मारा की!"

दाजी दचकले, आणि मारला. तो बॅकहँड मी मरेपर्यंत विसरणार नाही. रघुपती जागचा हलला नाही.

अक्का रडत होती, मीही रडत होतो. दाजी जाळीपाशी गेले, हात पुढे केला आणि सवयीनं म्हणाले, "छान खेळलात, साहेब."

रघुपतीनं तो हात सोडलाच नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "परत एकदा म्हणा की. आजवर आम्हीच म्हणत आलो."